मधी पडणारा माणूस

भांडण दिसलं आणि यासीनमामू तिथून गुमान पुढे गेला, असं कधी झालं नाही. ट्रॅक्टरला हळद शिजवायचा कुकर जोडलेला असो, उशीर झालेला असो, शेतकरी फोनवर फोन करत असो. रस्त्याच्या कडेला दोन माणसं एकमेकांच्या अंगावर जाताना दिसली की हा गडी ब्रेक दाबायचा, खाली उडी मारायचा आणि चालता चालताच ओरडायचा, "ए, रुका रुका! आधी मला समजू द्या, मग मारामारी करा!" भांडणारे त्याच्या ओळखीचे असलेच पाहिजेत अशी काही त्याची अट नव्हती.

माणूस अंगानं म्हणाल तर एवढासा. काटकुळा, कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा चढवलेला, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग. फुंकर मारली तर उडेल. पण मधी पडायची त्याची एक रीत होती. दोघांत जो जास्त तापलेला असेल त्याच्याकडे मामू पाठ करून उभा राहायचा आणि बोलायचा दुसऱ्याशी. मी एकदा विचारलं, "अरे, मागून दणका बसला म्हणजे?" तर म्हणाला, "मास्तर, मानूस तोंडावर मारतो. पाठ दिसली की त्याचा हात थांबतो. थांबला की मंग त्याला लाज वाटती." आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य यायचं: "कोन बराबर हाय ते मला नगं सांगू. आधी कोन थांबतंय ते सांग."

आख्खं शिरड शहापूर त्याला मामू म्हणायचं आणि अरेतुरे करायचं, मीही करायचो. वयानं तो माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा, पण त्याला अहोजाहो केलं तर तोच मागे वळून बघायचा, कुणाला बोलतोय म्हणून. मला तो मास्तर म्हणायचा, कारण मी झेडपीच्या शाळेत शिकवतो. उरलेल्या वेळात वडिलांनी ठेवलेलं हळदीचं रान सांभाळतो. रान कसं सांभाळतो ते विचारू नका. मामूच्या भाषेत सांगायचं तर "मास्तरची हळद देवाच्या भरवशावर".

माझ्या घराचं फाटक बसवायला तो आला होता तेव्हाची गोष्ट. आत माझं आणि बायकोचं कडाक्याचं वाजलं होतं. विषय काय होता ते आता आठवत नाही, मी बरोबर होतो एवढं आठवतं. मामू वेल्डिंगची मशीन तशीच चालू ठेवून सरळ स्वयंपाकघराच्या दारात आला, माझ्याकडे पाठ केली आणि बायकोला म्हणाला, "भाभी, ह्यो रोजच असा करतो का आज पाव्हना आला म्हनून?" बायको हसली. झालं, माझी केस तिथंच गेली. त्यानंतर वर्षभर ती मला धमकी द्यायची, थांबा, मामूला बोलावते. एसटीत जागेवरून दोन बायका जुंपल्या तर मामू सरळ त्या जागेवर जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "आता माझ्याशी भांडा दोघी." लग्नात व्याही रुसले की वाढप्याच्या आधी मामूला शोधायचे.

आता एक सांगतो, ते मला फार नंतर कळलं, पण आधीच सांगितलेलं बरं.

हळदीचा हंगाम आला की मामू दुकानाला कुलूप लावायचा आणि कुकर घेऊन रानोरान फिरायचा. टाकीखाली जाळ, टाकीतल्या पाण्याची वाफ नळीनं मोठाल्या डब्यांत, डब्यांत ओली हळद. शिजली की डबा कलंडवून खळ्यावर ओतायची. असाच तो एका हंगामात पुसेगावकडे गेला होता. तिथं दोन शेजाऱ्यांत पाण्याच्या पाइपवरून पेटलं. मामू मधी पडला, पण त्या दिवशी पाठीकडचा हात थांबला नाही. काठी डोक्यात बसली. टाके पडले, दोन दिवस उलट्या झाल्या. पोरगा पुण्याला ट्रक चालवतो, घरात सून शबाना आणि नात अल्फिया, पाच वर्षांची. शबानानं ते दोन दिवस कसे काढले असतील ते तिलाच ठाऊक. मामू उठून बसल्यावर तिनं अल्फियाला त्याच्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "अब्बा, हिच्या डोक्यावर हात ठेवा. बोला, आता कुणाच्या भांडणात पडणार न्हाई."

आमच्याकडे लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे चेष्टा नाही. मोडली तर लेकराला भोवते असं सगळे मानतात, सगळ्या जातीधर्माचे. शिकलेलेही मानतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून मी अजून साधी चहा सोडायची शपथसुद्धा घेतलेली नाही. मामूनं सौदा करून बघितला. "मधी न्हाई पडत. पर लांबून वरडलं तर चालंल का?" शबाना म्हणाली, "न्हाई. तोंडानं बी न्हाई." मग त्यानं हात ठेवला. घराबाहेर हे कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या हंगामात कुकर आमच्या शिवारात आला. माझ्या बांधाला लागून किसन आणि बाळाजी या दोघा भावांचं रान. वाटण्या झालेल्या, पण खळं एकच, आणि खळ्यात रेघ कुणी मारलेली नाही. त्या दिवशी किसनची हळद शिजत होती, दुसऱ्या दिवशी माझा नंबर होता म्हणून मी तिथंच होतो. ऊन कलायला लागलं होतं. शेवटचा डबा शिजला. मामूनं काडी खुपसून हळकुंड बघितलं, म्हणाला, "मास्तर, जाळ वड." मी लोखंडी आकडीनं टाकीखालची लाकडं बाहेर ओढली आणि वर पाणी मारलं. वाफ बसली. मामूनं किसनला विचारलं, "कुठं ओतू?" किसननं हात केला, "इकडं, लिंबाकडं." मामूनं डबा कलंडवला. पिवळाजर्द ढीग, वाफा निघत होत्या, जवळ उभं राहवत नव्हतं.

आणि बाळाजी आला. "ती माझी बाजू हाय. उद्या मी काय घरात वाळवू का हळद?" किसन म्हणाला, "बाजू कवा वाटली रे?" एवढ्यावरून निघालं ते विहिरीच्या पाळीवर गेलं, तिथून आईच्या आजारपणावर, तिथून एकमेकांच्या बायकांवर. भाऊबंदकीत असंच होतं, हळद नुसतं निमित्त. किसनची बायको सोजर पदर कमरेला खोचून उभी होती, चार-पाच मजूर बायका होत्या, मी होतो. आणि आम्ही सगळे काय करत होतो म्हणाल तर मामूकडे बघत होतो.

हे मला आजही नीट आठवतं. कुणी भांडणाकडे बघतच नव्हतं फारसं. सोजरनं त्याच्याकडे बघितलं, एका म्हातारीनं तर हातानं खुणावलं, जा की. मला वाटत होतं आता हा येईल, बाळाजीकडे पाठ करेल, काहीतरी बोलेल, हसू होईल. मामू कुकरजवळ उभा होता. वाफ सोडायच्या व्हॉलच्या चाकावर हात. चेहरा असा की जणू टाकी आता फुटते. मी मनात म्हटलं, याचं काय चाललंय? टाकीत तर काही नाही. आणि तरीही माझे पाय जागचे हलले नाहीत, कारण मधी पडणं हे मामूचं काम, माझं नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

बाळाजीनं किसनची गचांडी धरली. किसन मोठा, अंगानंही दांडगा, एका हातानं झटकला असता तरी बाळाजी कोलमडला असता. पण त्यानं हात वर केला नाही. नुसता उभा, तोंड कुकरकडे. बाळाजीनं ढकललं. मारायचं त्याच्या मनात नव्हतं हे मी कोर्टातसुद्धा सांगेन, पण ढकललं, आणि किसन डाव्या अंगावर ढिगात गेला. हात खांद्यापर्यंत त्या उकळत्या हळदीत. जो आवाज त्याच्या तोंडून आला तो मला लिहिता येणार नाही.

मग सगळ्यात आधी पळाला तो मामूच. पाण्याच्या बादल्या किसनवर ओतत राहिला, शर्ट कापला, गाडी आणवली. बाळाजी लहान पोरासारखा रडत भावाला उचलून गाडीत बसला. दवाखान्यात दोघा भावांनी एकच सांगितलं, पाय घसरला. हात वाचला. बोटं मात्र वाकडी झाली, कातडी ओढली गेली, कोपर आजही पूर्ण उघडत नाही.

चार दिवसांनी पानटपरीवर कुणीतरी सहज विचारलं, "मामू, तू हुतास ना तिथं? मंग कसा न्हाई मधी पडला?" मामू म्हणाला, "वाफ हुती ना. व्हॉल सोडून आलो असतो तर समदेच मेलो असतो." मी शेजारीच उभा होतो. जाळ माझ्या हातानं ओढलेला. मामूनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही काही बोललो नाही. आणि गावानं ते वाक्य उचललं. बरोबर आहे, वाफ म्हणजे खेळ आहे का, मामूनं डोकं शांत ठेवलं म्हणून बाकीचे वाचले. महिनाभरात मामूचं कौतुक व्हायला लागलं. एका कार्यक्रमात त्याला शाल-नारळ द्यायचं घाटत होतं, तो पोटात दुखतंय म्हणून गेला नाही.

हळूहळू तो भांडण दिसेल ती वाटच टाळायला लागला. शपथ होतीच, पण आता भांडणाचा आवाजही त्याला सोसेना. दुकानासमोर वादावादी झाली तर ग्राइंडर चालू करून बसायचा, कापायला काही नसलं तरी. एक दिवस मी शाळेतून येताना त्यानं मला हाक मारली, दुकानात बसवलं, शटर अर्धं खाली ओढलं.

"मास्तर, जाळ तू वडला हुता."

"हो."

"मंग तू काहून न्हाई बोलला? समद्यायसमोर सांगायचं हुतं ना, ह्यो खोटं बोलून राहिला म्हनून."

मी म्हटलं, "मामू, तुला तकलीफ कशाला द्यायची?" तेव्हा त्यानं मला शपथेचं सांगितलं. अल्फियाच्या डोक्यावरचा हात, शबानाचे ते दोन दिवस, सगळं. मला एकदम सुटल्यासारखं झालं. म्हटलं, "मग झालं की. तू बांधलेला होतास. यात तुझी काय चूक?"

"तसं न्हाई, मास्तर." तो हातातला वेल्डिंगचा रॉड बोटांत फिरवत होता. "तुला खरं सांगतो. त्ये दोघं वरडाय लागले ना, तवा मला शपथ आठवली. आन मला बरं वाटलं. म्हनलं, चला, आज सुटलो. लई थकलो हुतो मी. आयुष्यभर लोकायच्या मधी उभा राहून राहिलो, आज कुनी मला नावं ठिवू शकत न्हाई. बघ, नातीचं नाव घेऊन मी मजेत उभा हुतो."

मी म्हटलं, किसनला सांग शपथेचं. तो म्हणाला, "आन मंग? समदं गाव शबानाला बोलंल, तिच्यामुळं झालं म्हनून. ती पोरगी माझ्या जिवासाठी रडली, तिला मी पुढं करू?" म्हणजे खरं सांगावं तर सून गावाच्या तोंडी सापडणार, आणि न सांगावं तर वाफेचं खोटं गळ्यात. दोन्हीकडून दार बंद. त्यात किसनच्या घरी गेला की सोजर चहा ठेवायची आणि म्हणायची, "तुमी हुते म्हनून पानी तरी पडलं, मामू." गावात तिच्या एकटीच्याच तोंडी त्याच्यासाठी तुमी होतं. तो चहा त्याला कसा उतरत असेल कोण जाणे.

वर्ष गेलं. पुढच्या हळदीच्या आधी एक दिवस तो माझ्या मोटरसायकलवर मागे बसला आणि म्हणाला, "किसनकडं घे." किसन लिंबाखाली बाजेवर बसून उजव्या हातानं हळदीचं बेणं निवडत होता. मामू उभ्यानंच बोलला, बसलाही नाही.

"किसन, त्या दिवशी वाफ न्हवती. जाळ वडल्याला हुता. मी यिऊ शकत हुतो."

मला वाटलं आता शपथेचं सांगेल. नाही सांगितलं. शबानाचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही, नुसता उभा राहिला, मारायचं तर मार असा.

किसननं बेण्याचा गड्डा बाजूला ठेवला. म्हणाला, "मला म्हाईत हाय, मामू."

"काय म्हाईत हाय?"

"जाळ वडल्याला मला दिसत हुता. माझं तोंड तुझ्याकडंच हुतं. मी तुझ्याकडंच बघून राहिलो हुतो." मग आपल्या वाकड्या बोटांकडे बघत म्हणाला, "बाळ्यानं गचांडी धरली, तवा मी हात उचलला न्हाई. धाकटा हाय. मी उलटा हात टाकला असता तर मेला असता त्यो. म्हनलं, कशाला, मामू येऊनच राहिला असंल. तेवढा दम काढू."

मामू म्हणाला, "मंग वर्षभर काहून न्हाई बोलला रे?"

"काय बोलू? तू वाफेचं सांगत हुतास, लोकायला पटत हुतं. तुला त्याचा आधार वाटत आसंल, मी काहून काढू?" आणि घराकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "सोजर, मामू आलाय, चहा ठेव."

तो चहा मामूनं घेतला. कप रिकामा करून खाली ठेवला. परत येताना बांध ओलांडल्यावर मागून आवाज आला, "त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं, मास्तर." मी गाडी चालवत राहिलो.

त्या हंगामात त्यानं कुकर बाहेर काढला नाही, विकून टाकला. पावसाळ्यात एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या गेला. कबरीवर माती द्यायला आख्खं गाव होतं. किसन आणि बाळाजी एकत्र आले होते. किसननं उजव्या हातानं माती दिली, बाळाजी बाजूला उभा राहून रडत होता. शबाना मला नंतर म्हणाली, "सर, अब्बानी शपथ पाळली." ती अभिमानानं म्हणाली. मी हो म्हटलं.

परवा बसस्थानकावर दोन जणांची जुंपली. गाडीला कट मारल्याचं निमित्त. एकानं हेल्मेट काढून हातात घेतलं, दुसऱ्याच्या कपाळातून रक्त यायला लागलं. चांगला घोळका जमला होता, त्यात मी होतो. पानटपरीवाला काउंटरवरून वाकून म्हणाला, "आज यासीनमामू पायजे हुता."

"व्हय ना," कुणीतरी म्हणालं. "मामू आसता तर कवाच सोडवलं आसतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि आम्ही बघत उभे राहिलो.